पीसपोर्टचा उतार

ट्रियर शहर मागे टाकल्यावर मोझेल नदी ऱ्हाईनच्या भेटीस जाताना इतकी वळणे घेते की, कोब्लेन्झपर्यंतचे जे अंतर पक्षी सरळ उडून जाईल, त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवास तिला घडतो. या वळणांपैकी एकाच्या बाहेरील कडेस, पाणी आणि डोंगर यांच्यामध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर पीसपोर्टचे जुने गाव आहे. पाटीच्या दगडाने शाकारलेल्या घरांच्या एकदोन ओळी, मिखाएल देवदूताचे चर्च, आणि त्यांच्या पाठीशी लगेच उभा राहिलेला, दक्षिणेकडे तोंड करून अर्धवर्तुळात वळलेला द्राक्षवेलींचा उतार. सम्राटपुत्राचा शिक्षक म्हणून ट्रियरच्या दरबारी राहिलेल्या ऑसोनियस या रोमन कवीने इसवी सन ३७१ च्या सुमारास मोझेलवर जे काव्य रचले, त्यात त्याने नदीकाठच्या द्राक्षांच्या डोंगरांना निसर्गनिर्मित प्रेक्षागृहाची उपमा दिली आहे; पीसपोर्टच्या समोरच्या तीरावर उभे राहिले म्हणजे ती उपमा किती नेमकी होती हे कोणालाही पटते.

या उताराचा मुख्य भाग गोल्डट्रोप्फशेन, म्हणजे सोन्याचा थेंब, या नावाने ओळखला जातो. त्याचे क्षेत्र सुमारे ६५ हेक्टर. पण या आकड्याने त्याची खरी कल्पना येत नाही, कारण हे क्षेत्र आडवे नसून जवळजवळ उभे पसरलेले आहे आणि जागोजागी शंभर पावले पुढे सरकण्यासाठी साठ पावलांहून अधिक वर चढावे लागते. सुगीच्या दिवसांत येथील एका बागाईतदाराच्या कुटुंबाबरोबर काम करण्याची संधी मला मिळाली, तेव्हा पहिली सूचना मिळाली ती पायांविषयी : तळपाय सपाट टेकू नका, बुटाची कड आधी दगडात रुतवा, आणि मगच अंगाचा भार टाका. जमीन म्हणून जी काही आहे ती मातीची नव्हेच. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा दबून झालेला निळसर करडा पाटीचा दगड येथे कपच्याकपच्यांनी पसरलेला आहे, आणि प्रत्येक पावलागणिक तो खळखळत खाली घसरतो. उन्हाळी पावसाने आणि माणसांच्या वावराने खाली आलेल्या या कपच्या पूर्वी हिवाळ्यात टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हा वर नेत असत. ज्या देशात लोक खताचे ढीग वाहतात तेथे दगडांचे ढीग का वाहावेत, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु हा दगडच येथील खरी दौलत आहे. दिवसभर तो ऊन पितो आणि रात्री ते वेलीच्या बुंध्याशी सोडतो; नदीच्या पाण्यावरून परतणारा प्रकाश त्यात भर घालतो. द्राक्षशेतीच्या उत्तर सीमेजवळच्या या मुलखात रीसलिंगसारखे उशिरा पिकणारे वाण पक्व होते, ते या दोहोंच्या आधारावर. शिवाय द्राक्षाच्या मुळांवर जगणाऱ्या फायलॉक्सेरा या किडीला हा दगड मानवत नसल्यामुळे मोझेलकाठी कलम न केलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली अजून आढळतात.

नाशिककडील मांडवाखालची बाग पाहिलेल्या वाचकास येथील वेलीची मांडणी अगदी निराळी वाटेल. तारा नाहीत, मांडव नाही. प्रत्येक वेलीला स्वतःचा एक उंच लाकडी खांब, आणि हिवाळी छाटणीत राखलेल्या दोन काड्या दोन बाजूंनी वाकवून खाली खांबाशी बांधलेल्या, त्यामुळे प्रत्येक खांबावर पिंपळपानासारखी आकृती दिसते. प्रत्येक खांबाभोवती चहूकडून फिरता येते म्हणून उतारावर आडवे जाणे शक्य होते. तारांच्या रांगा असत्या तर प्रत्येक ओळ चढून आणि उतरूनच ओलांडावी लागली असती. काड्या वाकवण्याचे काम वसंताच्या आरंभी दमट हवा पाहूनच करतात, कारण कोरड्या हवेत काडी मोडते, आणि मोडलेल्या काडीबरोबर त्या हंगामाचे अर्धे पीक जाते. बांधणीसाठी पूर्वी वाळुंजाच्या ओल्या फोकी वापरत. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी मला एक फोक बोटांभोवती फिरवून, टोक आत सारून, गाठ न मारता घट्ट कशी बसवतात ते करून दाखवले. डोळे दुसरीकडे असतानाही त्यांच्या हातांस चूक होत नव्हती.

सुगीच्या दिवशी सकाळी नदीवर धुके असते आणि ओले दगड निसरडे असतात, म्हणून कामास थोडे उशिराच लागतात. कापणाऱ्यांत घरचे लोक थोडे आणि पोलंड, रुमानिया येथून हंगामापुरते आलेले लोक अधिक. डोंगराच्या बाजूचा गुडघा टेकायचा, खालच्या पायाने रेटा द्यायचा, बादली वेलीच्या वरच्या अंगास ठेवायची, नाहीतर ती नदीपर्यंत गडगडत जाते. आणि मग पानांखाली हात घालून घड तळहातावर घ्यायचा. कात्री लावण्याच्या आधीच्या क्षणात सारे कौशल्य आहे. निरोगी, हिरवट पिवळा, उन्हाच्या बाजूने तपकिरी ठिपके उमटलेला घड एका बादलीत. ज्यावर उदात्त बुरशीचा संसर्ग होऊन मणी जांभळट, सुरकुतलेले आणि मधासारखे गोड झाले आहेत तो दुसरीत. आणि ज्या मण्यांस व्हिनेगरचा वास येतो ते कात्रीच्या टोकाने काढून जमिनीवर. शंका आल्यास मणी तोंडात टाकून पाहायचा. त्यातून बी तपकिरी निघाली, म्हणजे घड पिकला. यजमान स्वतः अधूनमधून चारदोन मणी एका काचेवर पिळून रसाची घनता मोजत आणि ओक्सले या मापात आकडा पुटपुटत वर जात. भरलेल्या बादल्या पाठीवरच्या डोणीत रिकाम्या करून ती खाली न्यायची. जेथे उतार फारच उभा आहे तेथे एकाच रुळावर दात्यांच्या चाकाने चढणारी छोटी गाडी बसवली आहे. त्या गाडीने माणसांची पाठ वाचवली, हे खरे. पण एकेका खांबावरच्या या वेलींचे घड अजून हातांनीच कापावे लागतात. अशा उभ्या बागेत हेक्टरी वर्षाकाठी हजाराहून अधिक तासांची मेहनत लागते आणि सपाटीवरची यंत्राची बाग त्याच्या लहानशा अंशात भागते. या गावाचा सारा इतिहास, आणि त्याची आजची चिंता, या एका तफावतीत सामावलेली आहे असे मला वाटते.

रीसलिंग येथे अनादि कालापासून आहे असे मात्र नव्हे. अठराव्या शतकापर्यंत या उतारांवर एल्बलिंग हे भरघोस पीक देणारे, आंबट आणि साधे वाण प्रबळ होते. ज्या काळी दशमांश मोजला जाई तो रसाच्या मापाने, त्या काळी शेतकऱ्याने गुणापेक्षा राशीकडे पाहावे हे स्वाभाविकच होते. १७६३ साली येथील धर्मगुरू योहानेस हाऊ यांनी गावकऱ्यांना रीसलिंग लावण्यास प्रवृत्त केले. त्यानंतर सुमारे दोन तपांनी, १७८७ मध्ये, ट्रियरचे राजे-धर्माध्यक्ष क्लेमेन्स वेन्झेस्लाउस यांनी फर्मान काढून हलकी वाणे सात वर्षांच्या आत उपटून उत्तम वाणे लावण्याची आज्ञा केली. नवे वेल पीक धरेपर्यंतची काही वर्षे पोटाला चिमटा घेऊन काढायची, आणि तीही एका धर्मगुरूच्या शब्दावर, हा निर्णय त्या गावाने फर्मानाच्या कितीतरी आधी केला, याचे मोल फार मोठे आहे. मिखाएलाचे आजचे चर्च १७७६-७७ मधले, म्हणजे याच पिढीने बांधलेले आहे.

पुढे फ्रेंच अंमल आला, मठांच्या आणि चर्चच्या बागा सरकारजमा होऊन त्यांचे लिलाव झाले, आणि १८१५ साली मुलूख प्रशियाच्या ताब्यात गेला. नव्या राज्याच्या जकातीच्या भिंतीआड मोझेलच्या वाइनला प्रथम चांगला भाव आला, लोकांनी कर्ज काढून बागा वाढवल्या. आणि मग दक्षिणेकडील राज्यांशी जकातीचे करारमदार होऊन १८३४ मध्ये जर्मन जकात-संघ स्थापन होताच स्वस्त वाइनचा लोंढा आला. भाव कोसळले, सारा मात्र होता तसाच राहिला. या खोऱ्यातील बागाईतदारांच्या हलाखीवर आणि त्यांच्या तक्रारी अतिशयोक्त ठरवणाऱ्या सरकारी दप्तरावर १८४३ च्या जानेवारीत 'ऱ्हाईनिशे झायटुंग' या पत्रात लेखमाला लिहिणारा तरुण संपादक ट्रियरचाच होता : कार्ल मार्क्स. त्याच वसंतात सरकारने ते पत्र बंद पाडले. १८६८ मध्ये सारा-आकारणीच्या प्रतवारीवरून ट्रियर प्रांताच्या बागांचा रंगीत नकाशा निघाला, आणि जी प्रतवारी महसुलासाठी झाली होती तीच पुढे व्यापाऱ्यांस आणि रसिकांस उत्तम बागांची साक्ष म्हणून उपयोगी पडली. या सरकारी हिशेबाचा दुसरा शेवट १९२६ च्या फेब्रुवारीत जवळच्या बर्नकास्टेल गावी झाला : वाइनवरील कराने गांजलेल्या हजारो बागाईतदारांनी कर-कचेरीवर चाल करून दप्तरे खिडक्यांतून रस्त्यावर फेकली व पेटवली. तो कर लवकरच रद्द झाला.

१९८५ च्या सुमारास जमिनींच्या एकत्रीकरणाचे काम चालू असताना याच उताराच्या पायथ्याशी चौथ्या शतकातील रोमन चरक-घर सापडले. आल्प्सच्या उत्तरेस आजवर उघड झालेल्यांपैकी ते सर्वांत मोठे मानले जाते. द्राक्षे पायांनी तुडवण्याचे हौद, त्यांतून रस वाहून येण्याचे खालचे हौद आणि चोथा दाबण्याच्या लांब लाकडी तुळईची जागा, ही रचना इतकी उघड आहे की, पाहणाऱ्यास कोणी समजावून सांगावे लागत नाही. तुळई आता नवी बसवली आहे आणि ऑक्टोबरात गावकरी तेथे उत्सव करून अनवाणी पायांनी द्राक्षे तुडवतात. ऑसोनियसने जी द्राक्षे नदीच्या पाण्यात थरथरताना पाहिली, त्यांचा रस अशाच हौदांत उतरला असेल.

आमच्या बागेतला रस यांत्रिक चरकातून निघून तळघरात गेला. सुमारे एक हजार लिटरचे फूडर नावाचे लाकडी पीप, जुने, काळवंडलेले, ज्यात लाकडाचा वास उरलेला नाही. त्याच्या तोंडावर कान लावला की आत रस आंबत असल्याची मंद सरसर ऐकू येते. तळघर थंड, म्हणून हे काम आठवडेच्या आठवडे चालते, आणि कित्येकदा साखर पुरती संपण्याआधीच थांबते. त्यामुळे ही वाइन अंगाने हलकी राहते, तिच्यात गोडी असते, आणि त्या गोडीला तोलून धरणारा धारदार आंबटपणाही असतो.

आता ज्या गोष्टीविषयी गावात आजही कडवटपणे बोलले जाते ती सांगितली पाहिजे. १९७१ च्या जर्मन वाइन-कायद्याने 'मिखेल्सबेर्ग' या नावाचे एक विस्तीर्ण क्षेत्र निर्माण केले, त्यात आसपासच्या गावांच्या सपाट जमिनीही घातल्या, आणि त्या साऱ्यांच्या उत्पादनाला 'पीसपोर्टर मिखेल्सबेर्ग' म्हणण्याची मुभा दिली. ज्या जमिनीतून म्युलर-थुर्गाऊसारखे लवकर पिकणारे, भरपूर रस देणारे वाण यंत्राने निघे, तिच्या मालावर रीसलिंगच्या गावाचे नाव चढले. तो माल ब्रिटनच्या दुकानांत कवडीमोलाने विकला गेला, आणि दोन पिढ्यांच्या ग्राहकांनी पीसपोर्ट म्हणजे स्वस्त गोड पाणी असा ग्रह करून घेतला. शतकानुशतकांच्या पाठीवरल्या दगडांनी मिळवलेली पत एका कलमाने खर्ची पडली. ज्यांना उताराचा खर्च पेलेना त्यांनी मोझेलच्या खोऱ्यात उभ्या बागा सोडून दिल्या, आणि सोडलेल्या बागेत काही वर्षांतच काटेरी झुडपे माजून दगडी बांध ढासळू लागतात. २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने अशा क्षेत्रनामांना गावाचे नाव जोडण्याची सवलत काढून घेतली आणि २०२६ च्या हंगामापासून नवा नियम सक्तीचा केला. हा न्याय उशिरा झाला, पण झाला.

वाचकांपैकी कोणाला परदेशी किंवा येथे कधी या गावाची बाटली घेण्याचा योग आला, तर माझी एवढीच विनंती आहे की, तिच्या कागदावर गोल्डट्रोप्फशेन, डोमहेर, गुंटर्सलाय अशा उताराचे आणि बागाईतदाराचे नाव आहे का ते आधी पाहावे, आणि असल्यास चार पैसे अधिक मागितले तरी घासाघीस करू नये.