मनी घरी आली का?

दिवेलागण झाली. आजी चुलीपाशी बसली आहे. ती नातवाला म्हणते, "अरे, मनी अजून आली नाही. जरा हाक मार बघू."

नातू म्हणतो, "येईल की गं आजी. मांजरच ते. रातचं उंदरामागं फिरतंय."

आजी म्हणते, "मागल्या साली असंच म्हणालास. सकाळी आपलं मांजर शेजारच्या परसात मरून पडलं होतं. त्यांनी उंदरांना औषध घातलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, अन् आपणही विचारलं नाही."

नातू गप्प झाला. उठून दारात गेला आणि मनीला हाका मारू लागला.

अशी गोष्ट पुष्कळ घरांत घडते. मांजर आपल्या घरातलं धान्य राखतं. कणगीजवळ, माळ्यावर उंदीर टिकू देत नाही. पण ते बाहेर गेलं की आपण त्याचा विचार करीत नाही. बाहेर त्याला कोणते धोके असतात आणि आपण काय करावं, ते पाहू.

पहिला धोका विषाचा. उंदरांसाठी काळसर पूड मिळते. तिचं नाव झिंक फॉस्फाईड. लोक ती पिठात, तेलात कालवून गोळ्या ठेवतात. ही पूड पोटात गेली की तिथल्या आंबट रसाशी तिचा संयोग होतो आणि विषारी वायू तयार होतो. या विषावर उतारा नाही. मांजरानं गोळी खाल्ली तर ते बहुधा वाचत नाही. लहान मुलालाही तोच धोका असतो.

दुसरं औषध वड्यांचं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही. तो चार-सहा दिवस सुस्त होऊन फिरतो. सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो. असे उंदीर खाऊन विष मांजराच्या पोटात साठत जातं. यावर मात्र औषध आहे. मांजर मलूल दिसलं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याला लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. औषधाचं वेष्टन सापडलं तर तेही बरोबर न्यावं.

म्हणून ज्या घरी मांजर आहे, त्या घरी विष घालू नये. उंदरांसाठी पिंजरा लावावा. शेजारी औषध घालणार असतील, तर त्यांनी आधी सांगावं. तेवढे दिवस आपण मांजर कोंडून ठेवावं. मेलेले उंदीर उघड्यावर टाकू नयेत, खोल पुरावेत. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं जुनी माणसं म्हणतात. मुद्दाम कोणी मारीत नाही. आपल्या हयगयीनं मात्र मांजरं मरतात.

दुसरा धोका रात्रीचा. रात्री मोकाट कुत्री टोळीनं फिरतात. रस्त्यावर मोटारीच्या उजेडानं मांजर बिचकून जागीच थांबतं. जुन्नर, अकोले या भागांत उसाच्या रानात बिबट्या राहतो. तो कुत्र्यांबरोबर मांजरंही खातो. हे सगळं टाळायला सोपा उपाय आहे. मांजराला रोज संध्याकाळी, ठरल्या वेळी, घरातच खायला घालावं. घालताना एकाच नावानं हाक मारावी, किंवा भांडं वाजवावं. आठ-पंधरा दिवसांत त्याला सवय लागते. ते आपण होऊन येतं. मग दार लावून घ्यावं. कोपऱ्यात एका पाटीत राख नाहीतर वाळू ठेवावी, म्हणजे घर घाण होत नाही. रात्री मांजर घरात राहिलं, तर आपल्याच कणगीजवळचे उंदीर धरतं.

नवं मांजर आणलं, तर पहिले दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नये. नाहीतर ते जुन्या घराकडे जायला निघतं आणि वाट चुकतं. गळ्यात घट्ट दोरी बांधू नये. ती काटेरी फांदीत अडकते आणि मांजराला फास बसतो.

तिसरा धोका भांडणाचा. बोके मांजरीसाठी लांबलांब भटकतात, एकमेकांना बोचकारतात. जखमा चिघळतात. मांजरी वर्षातून दोन-तीन वेळाही वितात. एवढी पिल्लं सांभाळणार कोण? जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करून बोक्याची आणि मांजरीचीही शस्त्रक्रिया करून घ्यावी. मग भटकणं पुष्कळ कमी होतं.

चौथा धोका सर्वांत मोठा. तो मांजराला आहे, तसा आपल्यालाही आहे. पिसाळलेलं कुत्रं मांजराला चावलं, तर मांजरही पिसाळतं. गरीब मांजर एकाएकी अंगावर येतं, किंवा अंधारात लपून बसतं. तोंडातून लाळ गळते. अशा मांजराला हात लावू नये. हा रोग होऊ नये म्हणून पिल्लू 3 महिन्यांचं झालं की लस टोचावी. पुढची लस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि नंतर दरवर्षी टोचावी.

मांजर चावलं, किंवा ओरखड्यातून रक्त आलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी. तिखट, चुना, हळद लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. पूर्वी पोटात चौदा सुया टोचीत, त्याची लोकांना धास्ती होती. ती पद्धत आता राहिली नाही. आता सुई दंडात टोचतात. डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना जावं, एकही चुकवू नये. रोगाची लक्षणं दिसू लागली, की माणूस वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

आणखी एक गोष्ट. मांजर आजारी पडलं, म्हणून माणसाची तापाची गोळी त्याला देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे.

इकडे नातवानं वाटी वाजवली. कुंपणातून मनी आली आणि त्याच्या पायांत घोटाळू लागली. त्यानं तिला भाकरी-दूध घातलं आणि दाराला कडी लावली.

आजी म्हणाली, "आता मीही झोपते. उद्या शेजारी जाऊन औषधाचं विचारून ये हो."