राऊटर घेण्याआधी घर पाहा

रोवणी आटोपली, चार दिवस सवड आहे आणि पोरांनी घरात इंटरनेटचा हट्ट धरला आहे. तालुक्याच्या बाजारात गेलात की दुकानदार चार शिंगांचा काळा डबा पुढे करतो नि म्हणतो, "काका, हाच घ्या, अख्ख्या वाड्यात चालेल." जरा थांबा. विहिरीला पाणी किती हे न पाहता आपण पंप घेतो का? राऊटरचेही तसेच आहे. आधी गावात जोडणी कशी येते ते पाहा, मग डब्याचे बोला.

ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर, नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. आज तिला भारतनेट म्हणतात. पण पंचायतीत तार आली म्हणजे ती आपल्या ओसरीवर आली असे नव्हे. ग्रामसेवकाला विचारा, जोडणी देणाऱ्याला विचारा, शेजारच्या कोणाकडे चालू असेल तर जाऊन पाहून या.

फायबर मिळत असेल तर बहुधा वेगळा राऊटर लागतच नाही. तारेतून प्रकाश येतो, आणि त्याचा उलगडा करणारा ओएनटी नावाचा डबा जोडणी देणाराच बसवतो. वाय-फाय बहुतेक त्यातच असते. तो डबा भाड्याने आहे की अनामत घेऊन, आणि जोडणी बंद केल्यास किती पैसे परत मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या. मी स्वतः इथेच फसलो. स्वस्त मिळाला म्हणून एक राऊटर उचलला. घरी आणल्यावर कळले की तो जुन्या टेलिफोनच्या तारेवर चालणारा, एडीएसएलचा. फायबरला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि दुकानदार परत घेईना. तुम्ही वेगळा राऊटर घेणारच असाल तर पाठीमागे 'वॅन' लिहिलेले रुंद चौकोनी भोक आहे ना, ते आधी पाहा.

एटापल्ली, भामरागड, कोरची किंवा जिवतीकडच्या आतल्या गावांत तारेची वाट पाहणे परवडत नाही. तेथे सिमचा राऊटर हाच मार्ग. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातील २४,६८० गावांत ४जी नेण्यास मंजुरी दिली व ते काम बीएसएनएलकडे सोपवले. तुमच्या भागात टॉवर चालू झाला का, ते पाहा. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे मागून आणा, मोबाईलमध्ये घाला आणि ओसरी, माळा, अंगण असे फिरून तपासा. ही तपासणी पावसाळ्यात करावी. पानगळीनंतर सागाच्या जंगलातून जी रेंज येते, ती ओल्या पानांच्या दिवसांत येईलच असे नाही. पाणी लहरी शोषून घेते. डब्यावर बँडचे आकडे छापलेले असतात. बीएसएनएलसाठी २८ व १, जिओसाठी ५ हे आकडे त्यात हवेत. २८ आणि ५ हे बँड झाडी-भिंतींतून लांब पोचतात. बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता घर. वाय-फायच्या दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सावकाश पण लांब जाते, ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान पण जाड मातीच्या भिंतीपुढे लवकर दमते. दोन्ही असलेला डबा घ्यावा. जोडणीच ५० एमबीपीएसची असेल तर हजारोंचा महागडा राऊटर घेऊन वेग वाढत नाही. डबा घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाटामागे किंवा टिनाच्या पत्र्याला चिकटवून ठेवलात तर शेजारच्या खोलीतही कुरकुर ऐकू येईल. शिंगे किती, याला फार महत्त्व देऊ नका. पासवर्ड मात्र डब्यावर छापलेला तसाच ठेवू नका.

वीज जाणे आपल्याला नवे नाही. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांच्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यूपीएसशी जुळवून, पिन बसते का ते दुकानातच लावून पाहा.

सर्वांत मोठा शत्रू आभाळातली वीज. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून तारेतून धोका कमी; पण अडॅप्टरच्या वाटेने डबा जळतो, आणि अशा जळण्यावर वॉरंटी बहुधा चालत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची सूचना देते. ते मोबाईलमध्ये ठेवा. ढग जमू लागले की, गडगडाटाची वाट न पाहता, प्लग काढून ठेवा. घरी म्हातारी माणसेच असतील तर कोणता प्लग काढायचा, तो त्यांना आधीच दाखवून ठेवा.