पाचशे नोंदी : युद्धखेळांचे छोटे प्रकाशक गिऱ्हाईक कसे गाठतात

मंडळी, आपल्या जुन्या घरांतून सारीपाट असे, बुद्धिबळाचा पट असे. पट कापडाचा, सोंगट्या लाकडाच्या. एकदा केल्या की दोन-तीन पिढ्यांना पुरत. त्यांची जाहिरात कोणी केली नाही आणि करण्याची गरजही पडली नाही, कारण शेजारच्या घरी तोच खेळ होता. आता अशा एका खेळाची कल्पना करा, की तो गावात तुम्हा एकट्यालाच ठाऊक आहे. दुसरा जाणकार तालुक्याला असेल, तिसरा कुठे दूर शहरात. असा खेळ छापून विकायचा आणि त्यावर पोट भरायचं, तर गिऱ्हाईक गाठायचं कसं? अमेरिकेत आणि युरोपात असा धंदा सत्तर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

हे युद्धखेळ. पेटी उघडली की आत एक मोठा नकाशा निघतो. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते छापलेले असतात आणि सगळ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं आखलेली असतात. सोबत पुठ्ठ्याच्या अर्धा-पाऊण इंचाच्या चौकोनी सोंगट्या. शंभर, दोनशे, कधी हजारावर. एकेक सोंगटी म्हणजे एकेक पलटण. तिच्यावर दोन आकडे: अंगात बळ किती आणि एका खेपेला किती घरं चालणार. लढाईचा निकाल फाशावर लागतो, पण नुसत्या फाशावर नव्हे. नदीपलीकडच्या शत्रूवर चाल केली तर तिचा तोटा हिशेबात धरलेला असतो. या सगळ्याचे नियम वीस-तीस पानांचे. ती पानं वाचायला बसणारा माणूस विरळा, आणि धंद्याची खरी अडचण इथूनच सुरू होते.

सन १८२४ मध्ये बर्लिनला राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने असाच एक खेळ प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांना दाखवला. सेनापती म्युफलिंग आधी नाखुशीनेच पाहायला बसले, पण पाहता पाहता रंगले आणि सैन्याच्या साप्ताहिकात त्यांनी स्वतः शिफारस छापली. राइसविट्झला मोठं गिऱ्हाईक मिळालं, खुद्द सरकार! पुढच्या प्रकाशकांना असा सेनापती भेटला नाही. त्यांना सामान्य माणसाच्या दारी जावं लागलं.

त्यांतला पहिला म्हणजे चार्ल्स रॉबर्ट्स. राहणारा अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. त्याने १९५२ मध्ये स्वतःच्या लष्करी अभ्यासासाठी एक खेळ रचला आणि १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ या नावाने तो टपालाने विकायला काढला. सुमारे दोन हजार प्रती खपल्या. सगळा हिशेब मांडला तेव्हा तीसेक डॉलर पदरचे गेले होते. एवढाच तोटा म्हणजे शकुन बरा, असं त्याने मानलं असावं, कारण १९५८ मध्ये त्याने ‘ॲव्हलॉन हिल’ ही कंपनी रीतसर उभी केली आणि ‘गेटिसबर्ग’ नावाचा, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लढाईचा खेळ काढला. नाव झालं, दुकानांत माल गेला. पण कर्जही वाढलं, आणि १९६३ च्या अखेरीस कंपनी देणेकऱ्यांच्या हाती गेली. त्या देणेकऱ्यांत तिचा छापखानाही होता.

चांगला माल, खपणारा माल, तरी कंपनी बुडते कशी? छपाईचं गणित पाहा म्हणजे उमगेल. नकाशाची छपाई, पेटीची छपाई, आणि सोंगट्या सुट्या होण्यासाठी पुठ्ठ्यावर खाचा पाडणारा पोलादी डाय. हा सगळा आरंभीचा खर्च प्रत एक काढा की हजार काढा, तेवढाच. समजा, तो दोन लाख रुपये आहे. पाचशे प्रती काढल्या तर प्रतीमागे चारशे रुपये पडतात, दोन हजार काढल्या तर शंभरच. तेव्हा मोह होतो दोन हजारांचा. मग पाचशे खपतात आणि दीड हजार पेट्या गोदामात राहतात. गोदामाला भाडं लागतं. त्यातून दुकानामार्फत विकायचं, तर मधला घाऊक व्यापारी आणि दुकानदार आपापला वाटा घेतात आणि प्रकाशकाच्या हाती छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमी येतं. थोडक्यात, किती छापायच्या हा एकच प्रश्न. आणि तो छापण्याआधी सोडवावा लागतो.

ॲव्हलॉन हिलच्या नव्या चालकांनी दुकानांत माल ठेवलाच, पण सोबत आणखी एक गोष्ट केली. १९६४ मध्ये त्यांनी ‘द जनरल’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. वरवर पाहता ते आपल्याच मालाची वाखाणणी करणारं पत्रक. पण त्यात एक सदर होतं, ‘प्रतिस्पर्धी पाहिजे’. ज्याला गावात खेळायला कोणी नाही, त्याने आपलं नाव छापून द्यावं. नावं छापली गेली, पत्रं सुरू झाली, आणि मंडळी टपालाने लढाया खेळू लागली! तुम्ही विचाराल, टपालात फासा कसा टाकायचा? त्यांनी तोड काढली होती. दोघांनी आधीच ठरवायचं, की अमक्या तारखेच्या वर्तमानपत्रात शेअरबाजारातल्या अमक्या कंपनीचा आकडा पाहायचा. त्याचा शेवटचा अंक म्हणजे फाशाचं दान. लबाडीला जागाच नाही. मला ही युक्ती फार आवडते. प्रकाशकाने इथे खेळ विकला नाही, खेळगडी मिळवून दिला, आणि खेळगडी मिळाला की पुढची पेटी आपसूक खपते.

१९६७ मध्ये ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ नावाचं आणखी एक मासिक निघालं. काढणारा ख्रिस वॅग्नर हा अमेरिकेच्या हवाई दलात, नेमणूक जपानात. मासिक तोट्यात चाललं, तेव्हा १९६९ मध्ये ते जेम्स डनिगन या न्यूयॉर्कच्या खेळरचनाकाराने हाती घेतलं. त्याचं कार्यालय एका तळघरात होतं. त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक अंकासोबत एक अख्खा खेळ, नकाशा आणि सोंगट्यांसह. म्हणजे वर्गणीदार जितके तितक्या प्रती खपणार हे आधीच ठरलेलं. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. अंकात एक प्रश्नपत्र असे. हा लेख कसा वाटला, हा खेळ कसा वाटला, एक ते नऊ गुण द्या. आणि त्यातच पुढे काय काढू याची यादी. रशियातली अमुक लढाई काढू की रोमन साम्राज्याची तमुक? वाचक कार्ड भरून धाडत आणि ज्याला गुण अधिक तो खेळ रचायला घेतला जाई. शिक्षक मंडळींच्या हे चटकन ध्यानात येईल. आपण मुलांना गुण देतो. इथे मुलांनी गुरुजींना द्यायचे आणि गुरुजींनी त्याप्रमाणे पुढचा धडा शिकवायचा.

पण वर्गणी म्हणजे काय, हेही पाहिलं पाहिजे. वर्गणी म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आणि आगाऊ पैसे म्हणजे एक प्रकारचं कर्जच. १९८२ मध्ये डनिगनने उभारलेली एस. पी. आय. ही कंपनी कर्जापायी बुडाली (तो स्वतः त्याआधीच बाहेर पडला होता) आणि तिची मालमत्ता टी. एस. आर. या दुसऱ्या खेळकंपनीकडे गेली. नव्या धन्याने सांगितलं, जुन्या वर्गण्या आम्ही मानणार नाही. ज्यांनी पैसे भरले होते ते हात चोळत बसले. काहींनी तर तहहयात वर्गणी भरलेली! धंद्याच्या हिशेबाने धन्याचं म्हणणं कदाचित बरोबर असेल. पण हे गिऱ्हाईक म्हणजे मूठभर माणसं, एकमेकांना पत्रं लिहिणारी. गोष्ट सगळीकडे झाली आणि वाचक दुरावले. मासिक पुढे इतरांच्या हाती गेलं. ते आजही निघतं आणि अंकासोबत अजूनही खेळ येतो, पण त्या वर्षीचा कडवटपणा जुने खेळाडू विसरलेले नाहीत.

या अनुभवानंतरची जी तोड निघाली ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कॅलिफोर्नियात हॅनफर्ड नावाचं गाव आहे, शेतीभातीच्या मुलखातलं. तिथे जीन बिलिंग्सले यांची जी. एम. टी. ही कंपनी आहे, १९९० साली निघालेली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिने एक योजना सुरू केली: ‘पी-पाचशे’. रीत अशी. खेळ रचून होत आलेला असतो, पण छापलेला नसतो. कंपनी त्याची माहिती जाहीर करते: विषय काय, नकाशा कसा, रचनाकार कोण. ज्याला हवा त्याने नाव नोंदवायचं. नोंदवणाऱ्याला किमतीत घसघशीत सूट. पैसे मात्र तेव्हा घ्यायचे नाहीत. पाचशे नोंदी झाल्या की खेळ छपाईच्या रांगेत लागतो आणि पेटी तयार होत आली की मगच पैसे घेतले जातात. पाचशे भरल्या नाहीत, तर खेळ तसाच यादीत पडून राहतो किंवा काढून टाकला जातो. कोणाचं काही गेलं नाही.

साखर कारखान्याकडे उसाची नोंद करणाऱ्यांना हे निराळं सांगायला नको. नोंदीवरून कारखान्याला कळतं, की गाळपाला किती ऊस येणार. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलतीची योजनाही याच जातीची. फरक एवढाच, की तिथे बहुधा पैसे आधी भरावे लागतात. इथे आधी घेतात तो शब्द.

या योजनेत आणखी एक खुबी आहे. नोंदींचा आकडा सर्वांना दिसतो. साडेतीनशेवर अडला, तर ज्यांना तो खेळ हवा आहे ती मंडळीच मित्रांच्या मागे लागतात: तूही नाव घाल, म्हणजे माझा खेळ छापला जाईल. जाहिरातीचा खर्च नाही, फिरता विक्रेता नाही. ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ हा अमेरिका आणि रशिया यांच्या शीतयुद्धाचा खेळ याच यादीतून २००५ मध्ये बाहेर पडला आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. युद्धखेळाच्या वाटेला कधी न गेलेल्या लोकांनीही तो घेतला.

तरीही नुसत्या यादीने काम होत नाही, कारण वीस पानांचे नियम आडवे येतात. त्यावर उपाय एकच, कोणीतरी शेजारी बसून शिकवणं. म्हणून छोटे प्रकाशक खेळांच्या मेळ्यांना जातात. अमेरिकेत ‘जेन कॉन’ हा मेळा १९६८ पासून आणि ‘ओरिजिन्स’ १९७५ पासून भरतो. जर्मनीत एसेन शहरी १९८३ पासून मोठी खेळजत्रा असते. तिथे लहानसं टेबल घ्यायचं, नकाशा पसरायचा आणि स्वतः रचनाकाराने खुर्ची ओढून बसायचं. येणाऱ्याला म्हणायचं, या, दोन खेपा खेळून पाहा. जी. एम. टी. तर आपल्या गोदामातच खेळाडूंना बोलावत आली आहे. पेट्यांच्या राशींमध्ये टेबलं मांडायची आणि दोन-चार दिवस खेळायचं. पुष्कळ प्रकाशक नियमपुस्तिका विक्रीआधीच फुकट वाचायला देतात. माल न दाखवता पिशवीत घालणारा व्यापारी आपल्यालाही आवडत नाहीच.

ज्यांना पाचशेही नोंदी मिळणं कठीण, त्यांनी निराळी वाट धरली. मिशिगन राज्यातली ‘हॉलंडस्पीले’ ही २०१६ मध्ये दोघांनी मिळून काढलेली कंपनी मागणी येईल तसतशी प्रत बनवून घेते. गोदाम नाही, शिल्लक नाही. प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण कोणाला घेणार नाही असं वाटणारा विषय काढायची मुभा राहते. काहीजण ‘किकस्टार्टर’वर जातात. २००९ मध्ये निघालेली ही अमेरिकेतली सोय. ठरलेल्या दिवसांत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घेतले जातात, पण ते छपाईच्या आधी. त्यामुळे जुन्या वर्गणीचा धोका तिथे पुन्हा डोकं वर काढतो. छपाई लांबते, जहाजाचं भाडं वाढतं, आणि पैसे भरून वर्ष उलटलं तरी पेटी येत नाही. या बाबतीत मी पाचशेवाल्यांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही.

आपल्याशी नातं सांगणारा एक खेळ याच नोंदींच्या वाटेने आला. ब्रूस मॅन्सफील्ड यांनी रचलेला, २०१९ मध्ये जी. एम. टी.ने काढलेला, त्याचं नाव ‘गांधी’. काळ १९१७ ते १९४७. पक्ष चार: ब्रिटिश राज्य, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक. काँग्रेसच्या बाजूने बसणाऱ्याला बंदूक नाही. सत्याग्रह आणि असहकार हीच त्याची चाल. दुकानदाराला विचारलं असतं, तर युद्धखेळाच्या फळीवर असली पेटी ठेवायला तो कचरला असता. पण दूरदूरच्या शेकडो माणसांनी आपली नावं आधीच लिहून दिली होती, आणि खेळ छापला गेला.

पेटी घरी पोचल्यावरही प्रकाशकाचं काम सरत नाही. सोंगटी कमी निघाली तर पत्र जातं आणि बहुतेक प्रकाशक ती बदली धाडून देतात. आकडाच चुकीचा छापला गेला असेल, तर दुरुस्त केलेली सोंगटी पुढच्या एखाद्या खेळाच्या पुठ्ठ्यावर, कडेच्या मोकळ्या जागेत छापतात; खेळाडू ती कापून जुन्या पेटीत ठेवतो.