खुडूक कोंबडी पिल्लांना काय देते?

कालपर्यंत अंगणभर उकरत फिरणारी कोंबडी एके सकाळी खुराड्यातून बाहेर येत नाही. जवळ हात नेला की पिसे फुलवते, घशातल्या घशात कुरकुरते आणि चोच मारते. खालची अंडी काढून घेतली, तरी रिकाम्या जागेवर बसून राहते. हे काय आहे, ते सांगायला खेड्यातल्या घरात पशुवैद्य लागत नाही. ‘कोंबडी खुडूक झाली,’ असे म्हणत घरातले कुणीतरी जुनी टोपली शोधायला लागते.

हा बदल घडवणारे मुख्य संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. बाळंतिणीच्या स्तनांत दूध तयार करणारे संप्रेरकही हेच. कोंबडीच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढले की अंडाशयाचे काम मंदावते, अंडी बंद होतात आणि बसून राहण्याची ओढ लागते. छातीखालची पिसे विरळ होतात आणि तिथल्या त्वचेचा रक्तपुरवठा वाढतो. त्यामुळे अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळते. या काळात अंडी मिळत नाहीत, म्हणून अंड्यांसाठी पैदास करताना माणसाने हा गुण पिढ्यान्‌पिढ्या गाळत आणला. व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी क्वचितच खुडूक होते. गावठी कोंबडीने मात्र हा गुण टिकवून ठेवला आहे.

एकवीस दिवस

उबवायला ताजी अंडी हवीत. आठवड्यापेक्षा जुनी नकोत. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांतलीच घ्यावीत. तडा गेलेली किंवा विष्ठेने माखलेली अंडी बाजूला काढावीत. स्वच्छ अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर जंतूंना अडवतो. गावठी कोंबडीच्या अंगाखाली दहा ते बारा अंडी नीट मावतात. जास्त ठेवली, तर कडेची गार पडतात. टोपलीत वाळलेले गवत किंवा पेंढा घालून ती काळोख्या, शांत कोपऱ्यात ठेवावी आणि कोंबडीला शक्यतो रात्री बसवावे.

पुढचे काम ती स्वतः करते. दिवसातून अनेक वेळा चोचीने अंडी फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला सरकवते. अंडे एकाच बाजूवर राहिले, तर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटू शकतो. साधारणपणे दिवसातून एकदा, थोडाच वेळ ती दाणापाण्यासाठी उठते. या तीन आठवड्यांत तिचे खाणे कमी होते आणि वजन घटते. म्हणून दाणे आणि पाणी टोपलीजवळच ठेवलेले बरे.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंड्याखाली टॉर्च धरून पाहावे. गर्भ वाढत असेल, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. काहीच दिसले नाही, तर ते अंडे वांझ असते. अनेक घरांत असे अंडे ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून भाजीत जाते, आणि बहुतेक वेळा ते लहान मुलांच्या ताटात पडते. हे टाळायला हवे. आठवडाभर कोंबडीच्या अंगाच्या उबेत राहिलेल्या अंड्यात जंतू शिरले असतील, तर त्यांना वाढायला भरपूर वेळ मिळालेला असतो. असे अंडे खड्ड्यात पुरावे.

विसाव्या दिवसाच्या आसपास अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडीही हळू आवाजात साद देते. चोचीच्या टोकावरच्या छोट्या कठीण उंचवट्याने पिल्लू कवच फोडते. या कामाला कित्येक तास लागतात. बघणाऱ्याचा धीर सुटतो आणि कवच सोलायला हात पुढे जातो. पण त्या वेळी पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या पूर्ण मिटलेल्या नसतील, तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते.

उबेच्या पलीकडे

बाहेर येण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्यावर ते साधारण दोन दिवस न खाता राहू शकते. ऊब मात्र लगेच हवी असते, कारण पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान नीट सांभाळता येत नाही. ही ऊब यंत्रातून आणि बल्बखालीही मिळते. मग आईचे वेगळेपण कशात?

एक उत्तर पिल्लाच्या आतड्यात आहे. १९७३ मध्ये फिनलंडमधल्या नुर्मी आणि रंताला या संशोधकांनी यंत्रातून निघालेल्या पिल्लांना निरोगी, प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू दिले. त्यानंतर साल्मोनेला या रोगजंतूला पिल्लांच्या आतड्यात बस्तान बसवणे कठीण गेले. चांगल्या जंतूंनी जागा आधीच अडवली होती. आईमागे उकरत फिरणाऱ्या पिल्लाला हे जंतू पहिल्या दिवसापासून मिळतात. माणसाच्या बाळालाही आतड्यातले कितीतरी उपयुक्त जंतू जन्माच्या वेळी आणि स्तनपानातून आईकडूनच मिळतात.

पण आई चांगले देते तसे वाईटही देते. तिच्या अंगावरच्या उवा, आतड्यातले जंत आणि रक्ती हगवणीचे परजीवी यांचीही पिल्लांना लागण होते. म्हणून सुस्त, हगवण लागलेली किंवा उवांनी भरलेली कोंबडी खुडूक झाली, तरी बसवू नये.

आणि आईला थोपवता येत नाही असा रोग म्हणजे राणीखेत. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, धाप लागणे ही त्याची लक्षणे. दोन-चार दिवसांत अख्खे खुराडे रिकामे होते. यावर औषध नाही, लस आहे. साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकला जातो. पुढच्या मात्रांचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. अडचण एवढीच, की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा विरघळवली की थोड्याच वेळात वापरावी लागते. बारा पिल्लांसाठी एवढी यातायात कोण करणार? आळीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या, तर एका कुपीत सगळ्यांचे काम होते.

घरातल्या मुलांसाठी

इथिओपियातल्या ग्रामीण कुटुंबांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत कोंबड्या होत्या, तिथली मुले उंचीला सरस आढळली. मात्र कोंबड्या रात्री माणसांच्याच खोलीत ठेवल्या जात असतील, तर मुलांच्या उंचीवर उलटा परिणाम दिसला. रांगणारे मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालते. विष्ठेतले जंतू त्याच्या आतड्याला वारंवार इजा करत राहिले, तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

म्हणून टोपली पडवीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात असावी, चुलीजवळ किंवा अंथरुणाशेजारी नको. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्ले गालाला लावू देऊ नयेत, त्यांचे मुके घेऊ देऊ नयेत. पिल्लू दिसायला ठणठणीत असले, तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. हाताळल्यावर सगळ्यांनीच साबणाने हात धुवावेत.

देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला नोंदला गेला. तेव्हापासूनचा धडा साधा आहे. एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्या सोलू नयेत, खाऊ नयेत, उघड्यावर टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

दोन-अडीच महिन्यांनी कोंबडी पिल्लांना चोच मारून दूर करू लागते आणि काही दिवसांत पुन्हा अंड्यावर येते. बाजारात गावठी अंड्याला भाव चांगला मिळतो, म्हणून बहुतेक घरांतून सगळी अंडी विकली जातात. एका अंड्यात पाच-सहा ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने असतात. आठवड्यातली तीन-चार अंडी घरातल्या धाकट्यासाठी ठेवली आणि पूर्ण शिजवून त्याला दिली, तर कोंबडी बसवण्याचा खरा फायदा घरातच राहील.