परळचे घोडे आणि बिरवाडीचा विंचू

कोकणात भातकापणीच्या दिवसांत पेंढा उचलताना, गडग्याचा दगड हलवताना, नाहीतर पहाटेच्या अंधारात चपलेत पाय सरकवताना लाल विंचू डसतो. एके काळी अशा घरी आधी मांत्रिक यायचा आणि मग, जमलेच तर, सरकारी दवाखाना. तिथे पोचलेल्यांचाही भरवसा नसे. विष भिनलेल्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. त्यांत लहान मुले फार.

१९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून ते नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवू लागले. हे विष हृदयावर घाला घालते, फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी वापरून पाहिले. १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले. पुढे मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये तयार झालेले विंचूचे प्रतिविष या औषधाच्या जोडीला आले आणि दोन्ही एकत्र दिल्याने रुग्ण लवकर सावरतो, हे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून जगापुढे आले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

डॉक्टरांच्या जिद्दीची गोष्ट म्हणून ही हकिगत पुष्कळदा सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. पण तिच्यात एक पात्र पडद्याआड उभे आहे. बिरवाडीच्या डॉक्टरांचा सुरुवातीचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून होत होता आणि परळची संस्थाही राज्य सरकारचीच!

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाभा अणुसंशोधन केंद्र येते, टाटा मूलभूत संशोधन संस्था येते, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येते. या सगळ्यांचा खर्च मुख्यतः दिल्ली करते. मग राज्याने काय करायचे? माझ्या मते जे दुसरे कोणी करणार नाही, ते. कोकणातल्या विंचवासाठी जिनिव्हात कोणाची झोप उडत नाही. पाडेगावच्या मातीत कोणता ऊस टिकेल, कोयनेच्या पावसात रस्ता कसा तगेल, हे प्रश्न ज्याचे त्यानेच सोडवायचे असतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ मध्ये उभी राहिली ती याच गरजेतून, आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोलीची कृषी विद्यापीठेही.

हाफकिनचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन ऑक्टोबरात इथे पोचले, ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. लाटसाहेबाच्या मेजवान्यांच्या दालनात प्लेगची लस तयार होऊ लागली! पुढे पंजाबात मुलकोवाल इथे १९०२ मध्ये लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला आणि तो पुसला जायला १९०७ उजाडले. संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

पुढच्या काळात सर साहिबसिंग सोखी संचालक झाले आणि हाफकिन म्हणजे लसी, सीरम आणि औषधे यांचे मोठे घर झाले. सीरम काढायला घोडे लागतात. पूनावालांच्या पुण्याच्या स्टड फार्मवरचे वय झालेले घोडे परळला जात. घोडे आपले आणि सीरम त्यांचे, मग सीरमही आपणच का करू नये, असा विचार सायरस पूनावालांच्या मनात आला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे काम उभे करायला हाफकिनमध्ये तयार झालेली माणसेही गेली. आज जगातली सर्वांत जास्त लस पुण्यात होते. सरकारी प्रयोगशाळेने घडवलेल्या माणसांची ही कमाई तिच्या जमाखर्चाच्या वहीत कुठे दिसते? कुठेच नाही. अर्थखात्याच्या टेबलावर तिचा फक्त खर्च दिसतो.

खरी मेख इथेच आहे. १९७५ मध्ये हाफकिनचे दोन भाग झाले. लस-उत्पादन महामंडळाकडे गेले आणि संशोधन व प्रशिक्षण मूळ संस्थेत राहिले. हिशेबाच्या दृष्टीने हे सुटसुटीत होते. पण कमावणारा हात आणि शिकणारा हात वेगळे झाले. त्यावर कडी म्हणजे २०१७ मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांची सगळी औषध-खरेदी या महामंडळाच्या गळ्यात मारली गेली. शतकाचा वारसा असलेल्या लसवाल्यांनी निविदांच्या फायली सांभाळाव्यात, ही कल्पना कुणाला सुचली असेल? खरेदीतल्या विलंबाची ओरड वर्षानुवर्षे चालली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण करावे लागले.

मधल्या काळात करोना आला. २०२१ मध्ये हाफकिन महामंडळात कोव्हॅक्सिन तयार करायचे ठरले. केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी रुपये द्यायचे आणि वर्षाला २२ कोटी ८० लाख मात्रा काढायच्या, असा बेत होता. साथ ओसरली, पण परळची ती लस काही लोकांच्या दंडापर्यंत पोचली नाही. पैसे नव्हते असे कोणी म्हणणार नाही. मात्र लस म्हणजे मिठाई नव्हे, की ऑर्डर आली आणि भट्टी पेटवली! तिला जंतुरहित दालने लागतात, आणि ती दालने रोज चालवून हात बसलेली माणसे लागतात. अशी माणसे घडायला दहा-पंधरा वर्षे जातात. ती निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, की विद्या त्यांच्याबरोबर घरी जाते.

इमारतीला कोनशिला असते, फीत असते, फोटो असतो. रिकाम्या पदावर नेमलेल्या तंत्रज्ञाचे उद्घाटन कोण करणार? म्हणून आपल्याकडे संशोधनाचा पैसा बांधकामात जातो आणि पगारात, रसायनांत, जनावरांच्या चाऱ्यात आखडतो. वरून तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. संशोधकाला मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी ठरल्या वेळी मिळणाऱ्या बेताच्या रकमेचा अधिक उपयोग असतो. घर चालवणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे न सांगता कळेल.

ठरलेला पैसा कसा मिळवावा, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी उभी केली. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांकडून ठरावीक वर्गणी तिला मिळत आली. साखरेच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचे ते म्हणो, पण ज्याच्या शेतात प्रयोग होणार त्यानेच खर्चाचा वाटा उचलायचा, ही युक्ती नामी आहे. शेतकरी वर्गणी देतो म्हणून तो बेण्याबद्दल जाबही विचारतो. अर्थात विंचू डसलेल्या मजुराकडून अशी वर्गणी घेता येत नाही. तिथे तिजोरीच उघडावी लागते.

कधी तर पैसाही लागत नाही, नुसता संयम पुरतो. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या आसपास रेडिओ-गोंगाट करणारे उद्योग येऊ नयेत म्हणून बंधने आहेत. त्यापायी नारायणगावच्या भागाला काही गमवावे लागते. पुणे-नाशिक रेल्वेचा नवा मार्गही या दुर्बिणीमुळे अडला, तेव्हा तिथल्या लोकांचा राग साहजिक होता. या त्यागाची भरपाई कुठल्या रूपाने द्यायची, याचा विचार सरकारने अजून नीट केलेला दिसत नाही.

आता पुन्हा कोकण. तिथल्या कातळावर फुरसे फार. सर्पदंशावरचे प्रतिविष करायला सापाचेच विष लागते आणि देशातल्या बहुतेक उत्पादकांना ते तामिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून मिळत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष मुलखागणिक बदलते, हे अभ्यासांत दिसून आले आहे. तेव्हा रत्नागिरीच्या फुरशाचे विष काढून, त्यावर हे प्रतिविष किती चालते ते वर्षानुवर्षे तपासत राहणे, हे काम कोणाचे? त्याला वनखात्याची परवानगी हवी, साप हाताळणारी माणसे हवीत, शीतगृह हवे, घोडे हवेत आणि दहा वर्षे जागेवर राहणारा शास्त्रज्ञ हवा. एखाद्या उड्डाणपुलाच्या खांबाएवढाही खर्च त्याला येऊ नये.