वेधशाळेतली पांढरी पेटी

मे महिन्यात ‘पारा चाळिशीपार’ अशी बातमी येते. तो पारा डांबरी रस्त्यावरचा नसतो की गच्चीवरचा नसतो. वेधशाळेच्या आवारात, मोकळ्या जमिनीवर साधारण छातीच्या उंचीला एक पांढरी लाकडी पेटी उभी असते, तो तिच्यातला. तिचे नाव स्टीव्हन्सन स्क्रीन. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती १९व्या शतकात रचली. ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई हे त्यांचे चिरंजीव. पेटीच्या भिंती दुहेरी झडपांच्या असल्याने वारा आत खेळतो, पण ऊन शिरत नाही. आपल्याकडे दार सहसा उत्तरेला असते.

आत चार तापमापक असतात. दोन उभे: एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याचा ओल्या मलमलीत गुंडाळलेला. पाणी उडून जाताना ओला फुगा गार पडतो आणि दोघांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढतात. उरलेले दोन जवळपास आडवे. कमाल तापमापकात पाराच असतो; त्याचा गळा फुग्यापाशी आवळलेला, त्यामुळे चढलेला पारा आपसूक परतत नाही. तापाच्या जुन्या काचेच्या नळीची हीच युक्ती. किमान तापमापकात अल्कोहोल असते. थंडी वाढली की आक्रसणारे अल्कोहोल आतली बारीक काडी मागे ओढते. ऊब आली की काडीला ओलांडून पुढे जाते. काडी मात्र नीचांकावरच थांबते.

वाचणाऱ्यालाही शिस्त आहे. डोळा पाऱ्याच्या टोकाच्या समपातळीत हवा. वर-खाली झाला तर आकडा सरकतो. आधी अंशाचा दहावा भाग टिपायचा, मग पूर्ण अंश, कारण अंगाच्या उबेने आणि श्वासाने पारा हलू लागतो.

वेळेचेही तसेच. सकाळी ८.३०ची नोंद जागतिक वेळेनुसार ०३.००ची, साडेपाच तास वजा करायचे. पहाटे अडीचची नोंद मात्र २१.००ची होते आणि तारीखही आदल्या दिवसाची. मुंबईच्या जुन्या स्थानिक वेळेतल्या नोंदींत ३९ मिनिटे मिळवली की भारतीय प्रमाणवेळ येते.

एककांत खरी मेख आहे. सेल्सिअसला ९ने गुणून ५ने भागले आणि ३२ मिळवले की फॅरेनहाइट मिळते. ४० अंश म्हणजे १०४. पण हे झाले तापमानाचे. फरकाचे गणित वेगळे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेले आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी जास्त असले, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. हे साडेचार अंश फॅरेनहाइटमध्ये ८.१ होतात. कोणी सवयीने ३२ मिळवले, तर ४०.१ येतील आणि बातमी हास्यास्पद ठरेल. फरकाला फक्त १.८ने गुणायचे, कारण दोन्ही मापांचे शून्य वेगळ्या जागी असले तरी फरकात ते गळून पडते.

आता स्वयंचलित केंद्रांत प्लॅटिनमचे संवेदक आले आहेत आणि विषारी पाऱ्याचा वापर जगभर कमी होतो आहे. पण सावली, उंची, वेळ आणि एकक यांचे नियम त्यांनाही चुकलेले नाहीत. तुमच्या भिंतीवरचा तापमापक वेधशाळेहून तीन अंश जास्त दाखवत असेल, तर वेधशाळेला खोटे ठरवण्याआधी तो भिंतीपासून दूर, वारा खेळेल अशा सावलीत टांगून पाहा.