रायडिंग मोवर एकाच सिलिंडरवर चालतोय? पार्ट मागवण्याआधी हे तपासा



मशीन दुरुस्तीचा धंदा सुरू करायचा विचार असेल, तर आजचा विषय तुमच्यासाठी आहे. मंगल कार्यालयांची लॉन्स, रिसॉर्ट, क्रिकेटची मैदानं, गोल्फ कोर्स अशा ठिकाणी बसून चालवायचा मोवर असतो, आणि तो बंद पडला की मालकाला हक्काचा मेकॅनिक सापडत नाही. मोटारसायकलवाला म्हणतो हे माझं काम नाही, ट्रॅक्टरवाला म्हणतो पार्ट मिळणार नाहीत. तिथे तुमची जागा आहे. फक्त निदान अंदाजपंचे करू नका. मी केलं होतं, त्याचे पैसे खिशातून भरलेत. ते पुढे सांगतोच.

आधी इंजिन समजून घ्या. मोठ्या रायडिंग मोवरला बहुतेक वेळा व्ही-ट्विन इंजिन असतं. म्हणजे दोन सिलिंडर, साधारणपणे एकच कार्बोरेटर, पण इग्निशन कॉइल प्रत्येक सिलिंडरला वेगळी. एक सिलिंडर मेला तरी दुसरा ओढत राहतो. म्हणून गिऱ्हाईक बंद पडल्याची तक्रार करत नाही. तो म्हणतो, "पहिल्यासारखा दम नाही हो, गवत जरा उंच असलं की बसतो." आणि तसाच महिनाभर चालवतो.

नुकसान तिथेच होतं. स्पार्क नसलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जातच असतं. ते जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे मोवरपाशी गेल्यावर पहिलं काम, डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही.

आता मेलेला सिलिंडर कोणता? मोवर मोकळ्या हवेत घ्या, पाती बंद, पार्किंग ब्रेक ओढलेला. थंड इंजिन अर्धा मिनिट चालवा आणि दोन्ही एक्झॉस्ट पाइपवर पाण्याचे थेंब टाका. एकावर चर्र होऊन वाफ होईल, दुसऱ्यावर थेंब नुसता ओघळेल. ओघळला तो आपला पेशंट. खात्रीसाठी इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, ती बॉडीला अर्थ करा आणि मग चालू करा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली असेल तर इंजिन अडखळेल किंवा चालूच होणार नाही. मेलेल्याची काढली असेल तर काहीच फरक पडणार नाही. चालू इंजिनची वायर हाताने उपटू नका. जोराचा शॉक बसतो.

मग स्पार्क. दोन्ही प्लगांची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर काम तिथेच संपलं. नाही गेला तर स्पार्क टेस्टर लावून बघा.

इथे माझी गोष्ट. एका लॉनवाल्याचा फोन आला, दोन दिवसांवर लग्न. टेस्टरवर डाव्या बाजूला स्पार्क नाही. मी म्हटलं कॉइल गेली, आणि नवी मागवली. बसवली, तरी स्पार्क नाही! मग सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. चावी बंद केल्यावर इंजिन थांबवणारी एक वायर प्रत्येक कॉइलला येते. काही व्ही-ट्विनमध्ये या दोन वायरी डायोडमार्फत जोडलेल्या असतात. डायोड बिघडला किंवा वायर सोलून कुठे बॉडीला टेकली, की कॉइल ठणठणीत असूनही सिलिंडर गप्प. जुनी कॉइल परत लावली, ही वायर काढून ठेवली, आणि निळा ठणका स्पार्क! इलेक्ट्रिकचा पार्ट परत कोण घेतं? नवी कॉइल माझ्या कपाटात राहिली.

तेव्हा कॉइलला दोष देण्याआधी ती वायर सोडवून बघा. पण लक्षात ठेवा, वायर काढलेली असताना इंजिन चालू झालं तर चावीने थांबणार नाही. पेट्रोल बंद करायची सोय हाताशी ठेवा. स्पार्क तरीही आला नाही, तर कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट मोजा. पुष्कळ इंजिनांत ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. चुंबकावर गंज असेल तर घासून काढा.

स्पार्क चांगला आहे आणि सिलिंडर तरी मेलेला? मग कॉम्प्रेशन. यात नवशिके फसतात. स्टार्टरला सोपं जावं म्हणून यातल्या अनेक इंजिनांत चालू होताना थोडं कॉम्प्रेशन सोडून देणारी यंत्रणा असते, त्यामुळे गेजवर आकडा कमीच दिसतो. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, दोन्ही सिलिंडरांची तुलना करा. फरक मोठा असेल तर टॅपेट कव्हर उघडा. दोनचार बोल्टांचं काम आहे. इंजिन हाताने फिरवा आणि दोन्ही रॉकर हलतात का ते बघा. एक हलत नसेल तर पुशरॉड वाकलेला किंवा जागेवरून सुटलेला असण्याची शक्यता मोठी.

पण नवा पुशरॉड टाकून बिल फाडू नका. तो वाकला कशाने? पुष्कळदा पंख्याच्या कव्हरखाली वाळलेलं गवत आणि धूळ गच्च बसलेली असते. इंजिनला हवा मिळत नाही, हेड तापतं, व्हॉल्व्हचं गाइड जागेवरून सरकतं आणि व्हॉल्व्ह उघडायला अडतो. गाइड तसंच ठेवलंत तर नवा रॉडही वाकेल, आणि गिऱ्हाईक तुमच्याच नावाने ओरडेल.

रॉकर ठीक असतील तर पिस्टन वरच्या टोकाला आणून, क्रँक नीट धरून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. सूं आवाज कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. डिपस्टिकच्या नळीतून आला तर रिंग किंवा हेड गॅस्केट. गॅस्केट पुशरॉडच्या बाजूला फुटलं की दाब खाली ऑइलच्या भागात जातो आणि इंजिन निळा धूर काढतं. धूर बघून लगेच "इंजिन बोअर करावं लागेल" म्हणणारे खूप आहेत. बऱ्याचदा काम गॅस्केटवर भागतं.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. कार्बोरेटर एकच असेल तर त्याच्या बिघाडाने सहसा दोन्ही सिलिंडर कुरकुरतात. एकच मेला असेल तर त्या बाजूच्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढतंय का ते बघा. कार्बोरेटरला प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा जेट असेल तर मात्र एक जेट तुंबू शकतो. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल, तर ते आधी काढून टाका.

आता पैशाचं. तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि ते फोनवरच सांगा. मी ५०० रुपये सांगायचो, काम मला दिलं तर बिलातून वजा. वर लिहिलेल्या तपासण्यांना तासभर लागतो आणि एकही नवा पार्ट लागत नाही. तुम्ही विकताय तो हा तास. दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, स्पार्क आहे-नाही, ऑइलची स्थिती हे कागदावर लिहा, मालकाची सही घ्या, एक प्रत त्याला द्या. पुढच्या वर्षी तोच मोवर परत आला की हे जुने आकडे तुमच्या कामाला येतील.